हरण्याची किंमत

सायंकाळी सहाच्या सुमारास राजीव चौक स्थानकावरून नोएडाकडे जाणाऱ्या मेट्रोत पाय ठेवायला जागा मिळाली, तर ती नशिबाची गोष्ट समजावी. दिवसभर कार्यालयात, दुकानात, कारखान्यात किंवा कुणाच्या घरी कामाला गेलेली माणसे या गाडीने परतत असतात. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात मोबाइल, अशी शेकडो माणसे एकाच मुद्रेत उभी दिसतात. कुणी गाणी ऐकतो, कुणी घरचे निरोप वाचतो. पण अनेकांचा अंगठा काचेवर एका ठरावीक लयीत टेकत आणि उचलत असतो. पडद्यावर एक चिमुकला माणूस धावत असतो, खड्ड्यावरून उडी घेत असतो आणि मधूनच पडत असतो. तो पडला की खेळणाऱ्याच्या कपाळावर क्षणभर आठी उमटते. दुसऱ्या क्षणी अंगठा पुन्हा टेकतो. पडणे आणि पुन्हा टेकणे या दोहोंच्या मधल्या क्षणात काय घडते, याकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. गेल्या चाळीस वर्षांत या खेळांचे रूप बदलले ते नेमके त्याच क्षणात.

धावणे आणि उडी मारणे एवढ्यावरच उभ्या असलेल्या या खेळांना ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. येथील प्लॅटफॉर्म म्हणजे रेल्वेचा फलाट नव्हे, तर हवेत तरंगणारे ओटे, विटांच्या रांगा आणि कठडे. एका ओट्यावरून दुसऱ्यावर उडी घेत शेवटपर्यंत पोहोचायचे, एवढाच नियम. या प्रकाराला खरी कीर्ती मिळवून दिली ती जपानच्या निन्टेन्डो या कंपनीने १९८५ साली बाजारात आणलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाने. क्योतो शहरातील ही कंपनी १८८९ मध्ये पत्त्यांचे जोड बनवण्यासाठी स्थापन झाली होती, हे आज अनेकांना नवलाचे वाटेल. शिगेरू मियामोतो या रचनाकाराने १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ नावाच्या खेळात एक मिशीवाला सुतार उभा केला होता. तोच पुढे लाल टोपी घातलेला नळकारागीर मारिओ म्हणून घरोघरी पोहोचला.

या खेळाचा पहिला टप्पा शिक्षणाच्या अभ्यासकांनीही पाहण्यासारखा आहे. त्यात सूचनेची एक ओळ नाही. मारिओ डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा असते. त्यावरून कोणत्या दिशेने जायचे ते उमगते. थोड्याच अंतरावर एक तपकिरी रंगाचा, भुवया चढवलेला प्राणी समोरून येऊ लागतो. पहिल्यांदा खेळणारा बहुधा त्याच्यावर आदळतो आणि मरतो. खेळ लगेच पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या वेळी खेळणारा गोंधळून उडी मारतो, चुकून त्या प्राण्याच्या डोक्यावर पडतो आणि प्राणीच चिरडला जातो. अशा रीतीने कोणीही न सांगता दोन धडे मिळतात: समोरून टक्कर घेऊ नये आणि वरून पडावे. दोन्ही धडे चुकीतून मिळालेले असतात. चूक झाली म्हणून कुणी रागावत नाही, हसत नाही, गुणपत्रिकेवर शेरा मारत नाही. फार तर चार-सहा सेकंद वाया जातात.

मुलांचा वेळ फुकट घालवणारी करमणूक म्हणून या खेळांची हेटाळणी करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे होते. शाळेत नापास होण्याच्या भीतीने बाकावर अंग चोरून बसणारा मुलगा याच खेळात एका खड्ड्यात वीस वेळा पडत असे आणि एकविसाव्या वेळी तो ओलांडत असे. त्याला चिकाटी शिकवावी लागत नव्हती. चुकणे स्वस्त होते, म्हणून चिकाटी परवडत होती.

हा खेळ भारतात पोहोचला तो सरळ वाटेने नव्हे. परदेशी यंत्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यामुळे १९९०च्या दशकात दिल्लीपासून नागपूर-कोल्हापूरपर्यंतच्या बाजारांत त्या यंत्राच्या नकला आल्या. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशी त्यांची नावे होती. टीव्हीला तार जोडायची आणि वरच्या खाचेत ‘कॅसेट’ बसवायची. ती वास्तविक कॅसेट नसे, आत लहानशी इलेक्ट्रॉनिक पाटी असे. पण मुलांनी तिला कॅसेट म्हटले आणि तोच शब्द रूढ झाला. चित्र आले नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, हा सार्वत्रिक उपाय होता. कॅसेटच्या वेष्टनावर ९९९९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे. आत मोजके दहा-वीस खेळ पुन्हापुन्हा नाव बदलून आलेले असत आणि त्यांत मारिओ असेच.

दिल्लीत या मालाचे माहेरघर म्हणजे कनॉट प्लेसच्या पोटात, जमिनीखाली वसलेला पालिका बाजार. पहाडगंज आणि करोलबाग या जुन्या मराठी वस्तीच्या भागांतूनही तो काही फार दूर नाही. सुटीच्या दिवशी वडिलांचे बोट धरून पायऱ्या उतरायच्या, काचेच्या कपाटांपुढे घासाघीस पाहायची आणि कॅसेट घेऊन वर उजेडात यायचे, हा त्या काळच्या कित्येक मुलांच्या आयुष्यातील सोहळा होता. त्या सोहळ्याचे फार गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. त्या कॅसेटमागे मूळ कारागिरांना छदामही मिळत नव्हता. बनावट मालाच्या व्यापारासाठी पालिका बाजाराचे नाव अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाच्या २०२१ सालच्या बदनाम बाजारांच्या यादीतही आले. तेव्हा पूर्वीचे लोक प्रामाणिक होते आणि आताचे व्यवहारी झाले, असे म्हणण्याची सोय नाही. सांगायचे ते वेगळेच आहे. कॅसेट खरी असो वा बनावट, ती एकदा घरात आली की तिने पुन्हा पैसे मागितले नाहीत. कितीही वेळा हरा, ती मुकाट राहत असे.

घराबाहेरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मात्र तसे नव्हते. तेथे प्रत्येक डावाला नाणे किंवा टोकन घालावे लागे. खेळ मुद्दाम अवघड केलेले असत, कारण खेळणारा जितका लवकर हरेल तितकी नाणी अधिक पडणार. पडद्यावर दहापासून उलटे आकडे मोजले जात आणि त्या दहा सेकंदांत खिसा चाचपणाऱ्या मुलाची जी तगमग होई, तिच्यावरच त्या धंद्याचा डोलारा उभा होता. म्हणजे हरण्याची विक्री ही काही मोबाइलची निर्मिती नव्हे. ती या खेळांच्या जन्मापासून होती. घरच्या यंत्राने ती थांबवली होती. मोबाइलने तिला पुन्हा बोलावून घेतले, आणि तेही नाण्याचा खळखळाट न करता.

आज मेट्रोत अनेकांच्या हातात दिसणारा ‘सबवे सर्फर्स’ हा खेळ पाहावा. डेन्मार्कमधल्या दोन कंपन्यांनी तो २०१२ मध्ये आणला. रेल्वेच्या रुळांवरून एक पोरगा पळतो आहे, मागे पोलीस व कुत्रा लागला आहे आणि समोरून गाड्या येत आहेत. उड्या त्याच, चपळाई तीच, म्हणून तो मारिओच्याच कुळातला. पण त्यात किल्ला नाही, राजकन्या नाही, शेवटचा टप्पा नाही. पोरगा पकडला जाईपर्यंत पळतो. पकडला गेला की पडद्यावर विचारणा होते: किल्ली खर्चून पुढे पळायचे का? एकाच धावेत दुसऱ्यांदा पडले तर दोन किल्ल्या लागतात, तिसऱ्यांदा चार, मग आठ. किल्ल्या खेळात थोड्या सापडतात, बाकीच्या विकत मिळतात. जपानच्या सेगा कंपनीचा निळा साळिंदर ‘सोनिक’ १९९१ पासून मारिओचा प्रतिस्पर्धी होता. २०१३ मध्ये ‘सोनिक डॅश’ या नावाने तो मोबाइलवर अवतरला, तेव्हा तोही असाच न संपणाऱ्या रस्त्यावर धावू लागला आणि पडल्यावर लाल कड्यांच्या बदल्यात उठू लागला. ‘कँडी क्रश सागा’ उड्यांचा खेळ नाही, पण त्याने याच व्यापाराचे गणित सर्वांत साफ मांडले: पाच जीव, गेलेला प्रत्येक जीव परत यायला अर्धा तास, आणि थांबायचे नसेल तर पैसे.

या सर्व खेळांना ‘मोफत’ म्हणतात. प्रवेश मोफत आहे, हे खरे. ज्या वस्तूमुळे जुना खेळ शिकवणारा ठरत होता, ती वस्तू मात्र येथे विकाऊ झाली. पूर्वी चूक म्हणजे धडा होता, आता चूक म्हणजे दुकानाचे दार. आणि एकदा दुकान थाटले की गिऱ्हाईक आत यावे, ही दुकानदाराची इच्छा असणारच. खेळणारा नेमका कुठे अडखळेल, किती वेळा अडखळला म्हणजे चिडून पैसे देईल, याचा हिशेब ठेवणे त्याला सोयीचे पडते. मियामोतोने पहिल्या टप्प्यातला तो तपकिरी प्राणी शिकवण्यासाठी ठेवला होता. आजच्या एखाद्या अवघड वळणाविषयी तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही.

या पार्श्वभूमीवर २०१६ सालातली एक घटना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्या वर्षी ५ सप्टेंबरला रिलायन्स जिओची सेवा भारतात सुरू झाली आणि काही काळातच मोबाइलवरील इंटरनेट रिक्षाचालकापासून भाजीवालीपर्यंत सर्वांच्या हाती आले. दोनच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, तिकडे सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ॲपल कंपनीच्या व्यासपीठावर स्वतः मियामोतो उभे राहिले आणि मारिओ मोबाइलवर येत असल्याचे त्यांनी जाहीर केले. निन्टेन्डोने तोवर आपला हा मानकरी दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर सहसा जाऊ दिला नव्हता. ‘सुपर मारिओ रन’ हा खेळ १५ डिसेंबर २०१६ रोजी आयफोनवर आणि मार्च २०१७ मध्ये अँड्रॉइड फोनवर आला. भारतात बहुसंख्य फोन अँड्रॉइडचे असल्याने येथील खऱ्या अर्थाने तो मार्चमध्येच आला असे म्हणावे लागेल.

हा खेळ एका हाताने खेळण्यासाठी रचला होता. मारिओ आपोआप धावतो, लहानसहान अडथळे स्वतःच ओलांडतो. खेळणाऱ्याने फक्त अंगठा टेकवायचा. हलका टेकवला तर लहान उडी, दाबून धरला तर उंच. दुसरा हात कडीला मोकळा. जणू निळ्या मार्गावरील प्रवासी समोर ठेवूनच तो बेतला असावा. वाटेत काही खास ठोकळे ठेवले आहेत, त्यांवर पाय पडला की मारिओ थांबतो आणि विचार करायला उसंत मिळते. प्रत्येक टप्प्यात पाच गुलाबी नाणी असतात. ती सारी मिळवली की तोच टप्पा जांभळ्या नाण्यांसह नव्याने मांडला जातो आणि नंतर काळ्या नाण्यांसह. रस्ता ओळखीचा, पण नाणी आडजागी. त्यामुळे ओळखीचा रस्ताच पुन्हा शिकावा लागतो.

आणि पडल्यावर काय होते? मारिओ एका बुडबुड्यात शिरतो आणि तरंगत मागे येऊ लागतो. योग्य जागा दिसली की बोट टेकवायचे, बुडबुडा फुटतो, मारिओ उतरतो आणि पुन्हा धावू लागतो. बुडबुडे मोजकेच असतात. ते संपले तर टप्पा पहिल्यापासून खेळावा लागतो. पण बुडबुडा विकत घ्या, असे हा खेळ म्हणत नाही. पहिले तीन टप्पे फुकट खेळून पाहायचे, आवडला तर एकदाच किंमत मोजायची, अमेरिकेत ती सुमारे दहा डॉलर होती, आणि सहा प्रदेशांतील चोवीस टप्पे कायमचे उघडायचे. हरण्याला दर लावलेला नव्हता. पालिका बाजारातल्या कॅसेटचा जो गुण होता तो येथे उजळ माथ्याने, मालकाच्या संमतीने परत आला होता.

लोकांनी त्याचे स्वागत कसे केले? पहिल्या चार दिवसांत चार कोटी लोकांनी तो उतरवून घेतला. २०१७च्या सुरुवातीला हा आकडा पावणेआठ कोटींच्या पुढे गेला होता; परंतु किंमत मोजणारे शंभरात पाचांपेक्षा थोडे अधिक होते. उरलेल्यांनी तीन टप्पे खेळले, पैसे मागणारी पाटी पाहिली आणि फोन खिशात घातला. फुकट म्हणून बोलावले आणि दारात अडवले, अशी तक्रार अनेकांनी केली. २०१७च्या अखेरीस वीस कोटींचा टप्पा ओलांडूनही अपेक्षित नफा झाला नसल्याचे निन्टेन्डोने सांगितले. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिने ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ हा दुसरा खेळ आणला होता. तो मोफत होता आणि त्यात पात्रे नशिबाच्या सोडतीने मिळत. सोडतीला पैसे पडत. उतरवून घेणारे कितीतरी कमी असूनही त्याने मारिओपेक्षा अधिक कमाई केली. २०१९ मध्ये मारिओचा ‘मारिओ कार्ट टूर’ हा मोटार शर्यतीचा खेळ मोबाइलवर आला, तेव्हा त्यातही तशीच सोडत होती. ती २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली.

‘सुपर मारिओ रन’ निर्दोष होता असे नाही. चोरी टाळण्यासाठी तो सतत इंटरनेट मागत असे. भुयारातून जाणाऱ्या गाडीत संपर्क तुटला की मारिओही थांबे. एका हाताने, उभ्याने, प्रवासात खेळण्यासाठी बनवलेला खेळ प्रवासातच अडावा, यात थोडा विनोद आहे. दहा डॉलर ही रक्कम न्यूयॉर्कमध्ये एका जेवणाची असेल, शाहदऱ्यातील शिवणकामगाराला ती तशी वाटणार नाही. परंतु त्याची किंमत दारावर लिहिलेली होती. मोफत खेळाची किंमत कुठेच लिहिलेली नसते. ती खेळणाऱ्याच्या स्वभावावर ठरते. जो सहज सोडून देतो त्याला तो फुकट पडतो आणि जो जिद्दीचा, चिडका किंवा एकाकी असतो त्याला तो महाग पडतो.

यावर एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. ज्याच्याकडे द्यायला पैसाच नाही, त्याला मोफत खेळामुळे निदान दोन घटका विरंगुळा मिळतो. एकरकमी किंमत लावली तर तो दाराबाहेरच राहील. यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. गुरुग्रामच्या इमारतीत रात्रपाळी करणाऱ्या पहारेकऱ्याला चोवीस टप्प्यांचा हिशेब सांगणे म्हणजे त्याची थट्टाच. तरीही एक प्रश्न उरतो. जो पैसे देऊ शकत नाही त्याला ‘जाहिरात पाहा आणि पुन्हा जिवंत व्हा’ असे बटण दाखवले जाते. म्हणजे तो पैशाऐवजी वेळ देतो, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या चिल्लरीत. गरिबाच्या वेळेचे मोल कुणी करत नाही, म्हणूनच तो इतक्या निर्धास्तपणे मागता येतो.

सरकारनेही या क्षेत्राकडे पाहायला सुरुवात केली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणाऱ्या खेळांवर आहे. जीव, किल्ल्या आणि बुडबुडे यांच्या बदल्यात जिंकायला पैसे नसतातच, त्यामुळे ते त्या व्याख्येत येत नाहीत. येथे बंदी शहाणपणाची ठरेल असेही नाही. खेळ उतरवून घेण्याआधीच, त्यात हरल्यावर काय विकले जाते हे ठळक अक्षरांत लिहिण्याची सक्ती झाली तरी पुष्कळ. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापलेले असतात, तसे.

हरण्याची किंमत नेहमी पैशातच असते असेही नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा १९८९ सालचा खेळ महाराष्ट्रातल्या आणि दिल्लीतल्या कितीतरी संगणक वर्गांत शिक्षकांची नजर चुकवून खेळला जात असे. जॉर्डन मेक्नर या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणून तो कठड्याला लोंबकळताना खरा वाटे. त्यात जीव अमर्याद होते. राजपुत्र सुळ्यांवर पडला, कोसळला, तलवारीने मेला तरी पुन्हा उठत असे. मात्र राजकन्येला सोडवायला एकच तास होता आणि घड्याळ थांबत नव्हते. प्रत्येक चुकीची किंमत त्या साठ मिनिटांतून वळती होई. कठोर नियम, पण सरळ: धनाढ्य मुलाला आणि वर्गाची फी कशीबशी भरणाऱ्याला तास सारखाच. याच मालिकेतला ‘द लॉस्ट क्राऊन’ हा नवा खेळ २०२४ मध्ये आला आणि एप्रिल २०२५ मध्ये मोबाइलवरही पोहोचला. आधी थोडा खेळून पाहा, मग एकदाच किंमत द्या, ही पद्धत तेथे पुन्हा वापरली गेली. म्हणजे ती अगदीच मेलेली नाही.

आपल्याकडच्या जुन्या खेळांत हरण्याची व्यवस्था फार समजूतदारपणे केलेली होती. लंगडीत, लपंडावात हरणाऱ्यावर राज्य येई, पण राज्य फिरते असे. संध्याकाळपर्यंत ते प्रत्येकावर येऊन जाई. अगदी लहान भावंडाला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेत. ते बाद झाले तरी बाद धरले जात नसे. धावता धावता, पडता पडता ते एके दिवशी पक्के होई आणि मग कुणी सवलत दिली तर त्यालाच राग येई. संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडल्या गेलेल्या मोक्षपटात साप गिळतो तो खालच्या घरात आणून सोडतो. पटाबाहेर काढत नाही. पुढच्या दानाला डाव चालूच.

मोठ्यांच्या जगात अशी घरे थोडी आहेत. नोएडातील सेक्टर ६२ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे मुख्यालय आहे. मेट्रोचा निळा मार्ग २०१९ मध्ये तेथवर पोहोचला. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत एकदा नाव नोंदवले की ते पाच वर्षे राहते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एखाद्या विषयात उत्तीर्ण झाले की तो विषय खात्यात जमा होतो, पुन्हा द्यावा लागत नाही. जुन्या मारिओमध्ये एवढीही सोय नव्हती. तिन्ही जीव गेले की आरंभापासून. येथे प्रत्येक वेळी विषयामागे परीक्षा शुल्क भरावे लागते, हेही सांगितले पाहिजे. हरण्याची किंमत येथेही शून्य नाही. पण ती आधी छापलेली असते, आणि विद्यार्थी पुन्हापुन्हा अडखळावा यात कुणाचा लाभ नसतो.

मूळ मारिओत आठ प्रदेश होते. पहिल्या सात किल्ल्यांच्या शेवटी खेळणाऱ्याला एकच निरोप मिळे: राजकन्या येथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. सात वेळा हा निरोप ऐकून मुले चरफडत. पण आठवा किल्ला आहे, हे त्यांना ठाऊक होते. न संपणाऱ्या रुळांवर पळणाऱ्या पोरासाठी असा निरोपसुद्धा नाही.

अंधार पडता पडता गाडी यमुनेवरून पुढे जाते आणि अक्षरधामनंतर गर्दी थोडी ओसरते. कोपऱ्यात टेकायला जागा मिळालेल्या एका तरुणाच्या पाठपिशवीत परीक्षेचे वेळापत्रक घडी करून ठेवलेले आहे. तीन विषय झाले, दोन राहिले आहेत. त्याच्या फोनवरचा पोरगा नुकताच एका डब्यावर आपटला आहे आणि पडद्यावर पाचपासून उलटे आकडे सुरू झाले आहेत. सेक्टर ६२ आले, दार उघडले. तरुण उठतो, फोन तसाच खिशात टाकतो आणि फलाटावर उतरतो. उरलेले आकडे खिशातच मोजून संपतात.